'सीसी' म्हणजे नेमके कोण?

कलाशाखेच्या वार्षिकात संगणकाच्या आज्ञांवर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. माझ्याही मनात तो आला होता. परंतु या वर्षी ज्या अडचणीने आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांचा जवळजवळ महिना खाल्ला, तिचे मूळ शोधत आम्ही जेथे येऊन पोचलो ते ठिकाण भाषेच्या विद्यार्थ्याला अगदीच परके नव्हते. अडचण एका नावाची होती. नाव जुनेच राहिले होते, पण त्या नावाला 'ओ' देणारा बदलला होता.

त्याचे असे झाले. कोयना, केरा, मोरणा, तारळी आणि वांग या नद्यांच्या खोऱ्यांतील गावांतून बोलीतले शब्द गोळा करण्याचे काम आमच्याकडे काही वर्षे चालू आहे. सुट्टीत घरी गेलेले विद्यार्थी वडीलधाऱ्यांना बोलते करतात आणि इरले, तरवा असे शब्द गावाच्या नावासह कार्डावर लिहून आणतात. पुढे ही कार्डे संगणकात भरली गेली. ती वर्णक्रमाने लावून कोणता शब्द कोणकोणत्या गावांत मिळाला याची यादी करणारा एक छोटा प्रोग्रॅम एका माजी विद्यार्थ्याने सी भाषेत लिहून दिला होता. जुन्या उबुंटूवर, 32 बिटांच्या एका जुन्या यंत्रावर तो पुष्कळ वर्षे चालला. गेल्या पावसाळ्यात ते यंत्र कायमचे बंद पडले. नवे आले, त्यावर डेबियन 13 बसवलेला होता. फाइल तीच आणि आज्ञाही तीच, 'सीसी'. पण यादी येण्याऐवजी पडद्यावर चुकांची रांग उभी राहिली.

फाइल खराब झाली असावी, असे एकाचे मत पडले. पेन ड्राइव्हवरून आणताना काहीतरी गळाले असेल, असे दुसऱ्याने सांगितले. मी तर भाबडेपणाने मराठी अक्षरांवर संशय घेतला. नावाचा संशय कोणालाच आला नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. या लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीत व लहान अक्षरांत टंकावयाची असतात. 'सीसी' म्हणजे सी हे अक्षर दोनदा, आणि 'जीसीसी' म्हणजे त्याच्या आधी एक जी.

आता मुळापासून पाहू. सी भाषेत लिहिलेला मजकूर माणसाला वाचता येतो, पण यंत्राला तो जसाच्या तसा पाळता येत नाही. त्याचे यंत्राच्या सूचनांमध्ये रूपांतर करणारा जो प्रोग्रॅम, तो कंपायलर. युनिक्स ही कार्यप्रणाली बेल लॅबोरेटरीजमध्ये 1969 साली सुरू झाली. तेथेच डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास सी भाषा आकाराला आणली. तेव्हा सीचा कंपायलर एकच होता, म्हणून त्याला हाक मारण्याची आज्ञाही दोन अक्षरांची झाली: सीसी. घरात एकच मूल असले की 'बाळ' म्हटले तरी चालते, तसलाच हा प्रकार होता. पुढे भावंडे वाढली. बेल लॅबोरेटरीजमध्येच स्टीफन जॉन्सन यांचा वेगवेगळ्या यंत्रांवर नेता येणारा कंपायलर आला. यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी आपापले कंपायलर केले. 1987 साली रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी प्रसिद्ध झाला, आणि 2007 मध्ये क्लँगचा मूळ मजकूर जगाला खुला झाला. प्रत्येकाला स्वतःचे नाव होते. तरी 'सीसी' ही जुनी हाक कोणी मोडली नाही, कारण जुने हजारो प्रोग्रॅम त्याच नावाने कंपायलरला बोलावत होते.

अशा रीतीने 'सीसी' हे एका व्यक्तीचे नाव न राहता पदाचे नाव झाले. आपण अर्ज लिहिताना 'मा. प्राचार्य' असे लिहितो. अर्ज त्या दिवशी खुर्चीवर जे असतील त्यांच्याकडे जातो, मग ते कायम असोत वा प्रभारी. पाच वर्षांपूर्वी ज्या अर्जावर सही झाली तसाच अर्ज आज केला तर त्यावर शेरा वेगळा येऊ शकतो. त्यात अर्जाचा दोष नसतो. कंपायलरच्या बाबतीतही हेच होते. कोणी काही न सांगता जो गृहीत धरला जातो तो डिफॉल्ट कंपायलर, आणि 'सीसी' ही त्याच्या दारावरची पाटी.

ही पाटी यंत्र कसे शोधते ते समजण्यासाठी आपल्याच गावाचे उदाहरण पुरेसे आहे. 'पाटण' हा शब्द मूळ 'पत्तन' म्हणजे नगर यापासून आलेला, त्यामुळे पाटणे पुष्कळ आहेत. गुजरातेत राणीच्या वावेचे पाटण आहे, सोमनाथाजवळ प्रभासपाटण आहे, नेपाळातही एक पाटण आहे. पण कराडच्या स्टँडवर 'पाटण' म्हटले की कंडक्टर कोणते पाटण असे विचारीत नाही. जवळचे आधी, हा तेथला नियम. युनिक्समध्ये या नियमाला 'पाथ' म्हणतात. कोणत्या डिरेक्टऱ्यांत कोणत्या क्रमाने शोधावयाचे याची ती यादी असते. आपण 'जीसीसी' टंकले की कवच, म्हणजे शेल, यादीतील पहिल्या डिरेक्टरीपासून पाहत जाते आणि जेथे त्या नावाची फाइल प्रथम सापडते तेथेच थांबते. पुढे त्याच नावाचे आणखी कोणी बसले आहे की नाही, याची ते चौकशी करीत नाही. बहुतेक यंत्रांत '/यूएसआर/लोकल/बिन' ही '/यूएसआर/बिन'च्या आधी येते. म्हणून कोणी हाताने बांधलेला कंपायलर पहिल्या जागी टाकला, तर प्रणालीबरोबर आलेला कंपायलर जागच्या जागी असूनही मुका होतो. इतकेच नव्हे, तर एकदा सापडलेली जागा शेल लक्षात ठेवते. फाइल हलवली तरी त्याच खिडकीत ते जुन्याच दारावर थाप मारीत राहते. त्याला विसरावयास लावण्यासाठी 'हॅश' ही आज्ञा 'उणे आर' या खुणेसह द्यावी लागते.

दार सापडले तरी आत माणूस असेलच असे नाही. '/यूएसआर/बिन/सीसी' ही बहुधा खरी फाइल नसून दुवा असतो, म्हणजे 'अमुककडे जा' असे लिहिलेली चिठ्ठी. डेबियन आणि उबुंटूमध्ये तर चिठ्ठ्यांची साखळीच असते. '/यूएसआर/बिन/सीसी' ही चिठ्ठी '/ईटीसी/आल्टरनेटिव्ज/सीसी'कडे पाठवते. तेथली चिठ्ठी '/यूएसआर/बिन/जीसीसी'कडे पाठवते, आणि जीसीसी ही पुन्हा चिठ्ठीच. डेबियन 12 मध्ये (2023) ती 'जीसीसी-12'कडे जाते आणि डेबियन 13 मध्ये (2025) 'जीसीसी-14'कडे. या साखळीत दोन वेगळ्या व्यवस्था गुंतलेल्या आहेत, हे आम्हाला फार उशिरा कळले. 'सीसी'ची चिठ्ठी 'अपडेट-आल्टरनेटिव्ज' नावाची व्यवस्था सांभाळते. तेथे प्रत्येक उमेदवाराला अग्रक्रमाचा एक अंक असतो. डेबियनमध्ये जीसीसीला 20 आणि क्लँगला 10 आहे, त्यामुळे दोघेही बसवले तरी खुर्ची जीसीसीला मिळते. 'जीसीसी' ते 'जीसीसी-14' ही चिठ्ठी मात्र निवडणुकीची नव्हे. ती जीसीसीच्या पॅकेजची स्वतःची मालमत्ता आहे, आणि पॅकेज नव्याने बसले की ते ती पूर्ववत लिहून टाकते.

कोण बसले आहे हे पाहण्याचे उपाय सोपे आहेत. 'टाइप उणे ए सीसी' ही आज्ञा पाथमधील या नावाचे सगळे धनी क्रमाने दाखवते. 'रीडलिंक उणे एफ' या आज्ञेपुढे पूर्ण पत्ता दिला की चिठ्ठ्यांची साखळी शेवटपर्यंत जाऊन खरी फाइल सांगते. आणि 'सीसी'पुढे दोन आडव्या रेघा देऊन 'व्हर्शन' लिहिले की कंपायलर स्वतःच आपले नाव व आवृत्ती सांगतो. आम्ही पहिल्या दिवशी एवढे जरी केले असते तरी तीन आठवडे वाचले असते.

पाटी आणि माणूस यांच्यातील अंतराच्या गमतीही आहेत. सीडॅकने 1998 साली पुण्यात उभारलेला परम 10000 हा महासंगणक सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर आधारलेला होता. त्याच सन कंपनीच्या सोलॅरिस प्रणालीत सीचा कंपायलर वेगळा विकत घ्यावा लागे. तो न घेणाऱ्याच्या यंत्रावरही '/यूएसआर/यूसीबी' या डिरेक्टरीत 'सीसी' नावाची फाइल मात्र असायची. तिला हाक मारली की भाषेचे ऐच्छिक पॅकेज बसवलेले नाही, एवढेच उत्तर येई. म्हणजे दारावर पाटी, आत कुलूप! अ‍ॅपलच्या मॅकवर याच्या उलट प्रकार आहे. तेथे '/यूएसआर/बिन' मध्ये 'जीसीसी' टंकले तर उत्तर येते ते क्लँगचे. फ्रीबीएसडी प्रणालीत परवान्याच्या अटींमुळे जीसीसीची 4.2.1 ही जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे सीसीच्या गादीवर राहिली. 2014 च्या जानेवारीत आलेल्या दहाव्या आवृत्तीत नेहमीच्या इंटेल पद्धतीच्या यंत्रांवर ती गादी क्लँगला मिळाली. वापरणाऱ्याने टंकावयाची अक्षरे तीच दोन राहिली.

हा घोळ प्रमाणीकरण करणाऱ्यांनाही ठाऊक होता. 1992 साली पॉसिक्सच्या प्रमाणात कंपायलरची आज्ञा ठरवण्याची वेळ आली तेव्हा 'सीसी' हे नाव टाळून 'सी89' हे नाव घेण्यात आले, कारण 1989 ची प्रमाण सी भाषा असा त्याला निश्चित अर्थ होता. पुढे 'सी99' आले, आणि 2024 च्या प्रमाणात 'सी17'. नावातच साल घातले की वाद कमी होतो. आपल्याकडे कायद्याच्या नावापुढे साल लिहितात ते याच कारणासाठी.

परंतु आमचा प्रश्न एवढ्याने सुटत नव्हता. जुन्या यंत्रावरही जीसीसीच होता आणि नव्यावरही जीसीसीच. खुर्चीवरचा माणूस तोच असताना उत्तर वेगळे का यावे? येथे आमच्या मदतीला एक मराठी पाठ आला. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात सी भाषेचे पाठ तयार केले आहेत, आणि ते मराठीतही ऐकता येतात. त्या पाठाच्या सुरुवातीलाच निवेदक सांगतो की या पाठासाठी उबुंटू 11.10 आणि जीसीसी 4.6.1 वापरला आहे. असल्या वाक्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही, सभेच्या सुरुवातीच्या प्रास्ताविकाकडे देत नाही तसेच. खरे तर त्या पाठातले सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे. कारण 4.6 पासून आजपर्यंत जीसीसी हे नाव कायम राहिले, पण काही न सांगितल्यास तो कोणती सी भाषा गृहीत धरतो ते तीन वेळा बदलले. 2015 च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत तो 1989 ची भाषा धरीत असे. पाचव्यापासून 2011 ची, 2018 च्या आठव्यापासून 2017 ची, आणि 2025 च्या पंधराव्यापासून 2023 ची. माणूस तोच, पण त्याच्या हातातील नियमांचे पुस्तक बदलत गेले.

1989 च्या भाषेत प्रकार न सांगता नुसते 'मेन' लिहिले तर कंपायलर तेथे पूर्णांक गृहीत धरी. एखादे फंक्शन आधी जाहीर न करता वापरले तर तेही पूर्णांकच परत करील, असे तो समजून घेई. 1999 च्या प्रमाणाने या दोन्ही सवलती काढून घेतल्या. तरीही जीसीसी पुढची पंचवीस वर्षे फार तर इशारा देऊन पुढे जात राहिला. (आपल्याकडील परिपत्रकांचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.) अखेर 2024 च्या चौदाव्या आवृत्तीत त्याने या गोष्टी चुका ठरवल्या. डेबियन 13 मध्ये नेमकी हीच आवृत्ती आहे. आमच्या पडद्यावरची रांग अशी उभी राहिली होती.

हे सारे आम्हाला कळले ते मात्र उलट्या क्रमाने. आधी उपाय झाला आणि निदान मागाहून. आमच्यातील एका हुशार मित्राने कुठेसे वाचले की तेरावी आवृत्ती एवढी कडक नाही. त्याने 'जीसीसी-13' बसवला आणि 'अपडेट-आल्टरनेटिव्ज'ला सांगून 'सीसी'ची चिठ्ठी त्याच्याकडे वळवली. अग्रक्रम मागितला तेव्हा त्याने मोकळ्या हाताने 50 दिला. तेवढ्यावर न थांबता '/यूएसआर/बिन/जीसीसी' ही चिठ्ठीही त्याने हाताने पुसून तेराकडे फिरवली. मग 'सीसी' दिले. चुका गेल्या, चार-पाच इशारे आले, प्रोग्रॅम तयार झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रोग्रॅम चालू केला, तर पहिला शब्द वाचताच तो कोसळला.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. तो प्रोग्रॅम दोन फाइलींत आहे. दुसऱ्या फाइलीतील एक फंक्शन कार्डावरचा शब्द वाचते आणि तो स्मृतीत कोठे ठेवला त्याचा पत्ता परत देते. पहिल्या फाइलीत हे फंक्शन जाहीर न करताच वापरले होते, त्यामुळे येणारी गोष्ट पूर्णांक आहे असे कंपायलरने गृहीत धरले. 32 बिटांच्या यंत्रावर पूर्णांकही चार बाइटांचा आणि पत्ताही चार बाइटांचा. गृहीत चुकीचे असूनही काही सांडत नव्हते. 64 बिटांच्या यंत्रावर पूर्णांक चारच बाइटांचा राहिला, पण पत्ता आठ बाइटांचा झाला. अर्धा पत्ता वाटेतच गळाला. पाकिटावर नुसते 'पाटण' राहिले आणि जिल्हा, राज्य पुसले गेले, तर पत्र कोणत्या पाटणात जाईल याचा नेम नाही. तसे आमचे शब्द हरवले. जुन्या यंत्रावरसुद्धा याविषयी एक इशारा दर वेळी येत असे, असे आता त्या माजी विद्यार्थ्याने फोनवर सांगितले. "यादी बरोबर येत होती, मग इशारा कोण वाचतो?" हे त्याचे म्हणणे.

म्हणजे चौदाव्या आवृत्तीने आम्हाला अडवले ते बरोबर जागी अडवले होते. आम्ही अडवणाऱ्याला हटवून मऊ माणूस आणून बसवला, आणि खड्ड्यात पडलो. भाषेची खूण स्पष्ट देऊन चौदालाच 1989 च्या नियमांनी वागावयास लावता येते, पण त्यानेही हेच झाले असते. दुरुस्ती अखेर सात ओळींची निघाली. फंक्शने आधी जाहीर केली, 'मेन'पुढे प्रकार लिहिला, आणि चौदाव्या आवृत्तीने एकही इशारा न देता प्रोग्रॅम बांधून दिला.

गोष्ट येथे संपली असती, पण फिरवलेल्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या होत्या. पुढे कोणीतरी त्या यंत्रावर जीसीसीचे पॅकेज पुन्हा बसवले. पॅकेजने आपली 'जीसीसी' ही चिठ्ठी चौदाकडे पूर्ववत केली; 'सीसी'ची मात्र दुसऱ्या व्यवस्थेच्या ताब्यात, ती तेराकडेच राहिली. एका यंत्रावर दोन नावे दोन आवृत्त्यांकडे जाऊ लागली. त्याच यंत्रावर शास्त्रशाखेचा एक मित्र आपला प्रकल्प सीमेक वापरून बांधत होता. सीमेक आधी 'सीसी' शोधते. ऑटोकॉन्फने लिहिलेल्या 'कॉन्फिगर'ची रीत उलटी, ते आधी 'जीसीसी' शोधते. त्यामुळे एकाच टेबलावर त्याचा स्वतःचा मजकूर तेराने बांधला जाई आणि बाहेरून आणलेली लायब्ररी चौदाने. येथे इशाऱ्यांवर भागणारे काम घरच्या लॅपटॉपवर चुका देई. बिचाऱ्याने दोन दिवस स्वतःची फाइल तपासण्यात घालवले. आम्ही चिठ्ठी दुरुस्त केल्यावरही सीमेक जुनेच नाव धरून बसले, कारण एकदा निवडलेला कंपायलर ते आपल्या टिपणात लिहून ठेवते. बांधणीची डिरेक्टरी नवी केली तेव्हा कोठे ते सुधारले. त्याची माफी आम्ही चहावर भागवली.

दुरुस्तीतही एक धडा मिळाला. 'अपडेट-आल्टरनेटिव्ज'ला 'ऑटो' सांगितले की सर्व पूर्ववत होईल अशी आमची समजूत होती. झाले नाही. 'ऑटो'चा अर्थ मूळचा माणूस आणा असा नसून ज्याचा अंक मोठा त्याला बसवा असा आहे, आणि मित्राने औदार्याने दिलेले 50 हे मूळच्या 20 पेक्षा मोठेच होते. तो उमेदवार 'रिमूव्ह' सांगून यादीतून काढला तेव्हा खुर्ची परत मिळाली.

मग एखाद्याला खरोखरच वेगळा कंपायलर हवा असेल तर काय करावे? माझे मत असे की सगळ्यांच्या वापरातली पाटी हलवू नये, आपल्या अर्जावर नाव लिहावे. 'मेक' वापरत असाल तर तेथे 'सीसी' याच नावाचे एक चलपद असते, मोठ्या अक्षरांतले. 'मेक'पुढे सीसी बरोबर जीसीसी-13 असे लिहिले की तेवढ्या बांधणीपुरता तोच कंपायलर वापरला जातो, आणि मेकफाइलमध्ये आत काही वेगळे लिहिले असले तरी ओळीवर सांगितलेले वरचढ ठरते. हेच चलपद आधी वातावरणात ठेवून मग 'मेक' म्हटले तर मात्र मेकफाइलमधील ओळ त्याला मागे सारते. हा बारकावा न कळल्याने पुष्कळजण यंत्राला दोष देतात. नेहमीसाठी हवे असेल तर आपल्या घरच्या डिरेक्टरीत 'बिन' करून त्यात स्वतःपुरता दुवा ठेवावा आणि ती डिरेक्टरी आपल्या पाथमध्ये पहिली लावावी. त्यामुळे बदल आपल्या खात्यापुरता राहतो, आणि शेजारच्याचे काम बिघडत नाही. यासाठी प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही, हा आणखी एक फायदा.

ज्यांच्याकडे एकाच यंत्रावर अनेक कंपायलर नांदतात ते असेच करतात. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने अनेक वर्षे रेनेसासच्या छोट्या प्रोसेसरांसाठी जीसीसी तयार करून जगभर पुरवला. तेथे आज्ञेचे नाव नुसते जीसीसी नसे. 'एसएच-ईएलएफ-जीसीसी', 'एच8300-ईएलएफ-जीसीसी' असे कोणासाठी भाषांतर करावयाचे ते नावाच्या आधीच जोडलेले असे, आडनावासकट हाक मारावी तसे. ज्या यंत्रावर बसून काम चालले त्याच्या स्वतःच्या जीसीसीशी गल्लत झाली तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुण्याच्याच आयसर संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकावर वेगळी रीत आहे. तेथे 'मॉड्यूल' नावाची आज्ञा आहे. 'मॉड्यूल लोड' म्हणून कंपायलरचे नाव दिले की तेवढ्या बैठकीपुरता आपला पाथ बदलतो, आणि शेजारी बसलेल्या संशोधकाला त्याचा पत्ताही लागत नाही. डेबियनचे कर्नलचे पॅकेजसुद्धा नुसता जीसीसी मागत नाही, कोणत्या आवृत्तीचा हवा ते नावानिशी मागते. इतक्या मोठ्या यंत्रावर आणि इतक्या मोठ्या प्रकल्पात पाळली जाणारी शिस्त आमच्या सातशे ओळींच्या प्रोग्रॅमला जड जाण्याचे कारण नव्हते.

आता त्या प्रोग्रॅमच्या मेकफाइलमध्ये वरच्या दोन ओळींत 'जीसीसी-14' आणि भाषेची 'जीएनयू17' ही खूण स्पष्ट लिहिली आहे, आणि खाली मराठीत एक टीप आहे: कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रणालीवर, कोणत्या महिन्यात ही यादी बांधली. पुढच्या वर्षी यंत्र बदलले आणि 'जीसीसी-14' मिळाला नाही, तर प्रोग्रॅम तेथेच अडेल आणि कोण मिळाला नाही ते नाव घेऊन सांगेल. निदान शोध कोठून सुरू करावयाचा हे तरी कळेल.

कार्डे पुन्हा लागली, यादी छापून झाली, आणि ती ग्रंथालयात पाहावयास मिळेल. 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ लावावा की वर्णमालेत 'ह'नंतर, यावरून विभागात पडलेले दोन तट मात्र अजून तसेच आहेत. त्याचा निकाल कोणत्याच आवृत्तीच्या जीसीसीकडे नाही.